आजचा क्लोजर, उद्याचा फलंदाज : सौद्याचा हिशेब कोणत्या तारखेला मिटवायचा?

#थ्रेड

१/
२ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. स्थळ क्लीव्हलँड. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना. शिकागो कब्ज ६–३ असा पुढे आहे. आठवा डाव, दोन गडी बाद. १९०८ नंतर एकदाही विजेतेपद न मिळालेला हा संघ आता अवघ्या चार बळींच्या अंतरावर उभा आहे. चेंडू हातात घेऊन येतो तो ॲरोल्डिस चॅपमन. तासाला शंभर मैलांहून अधिक वेगाने चेंडू फेकणारा हा पिचर तीन महिन्यांपूर्वी याच घटकेसाठी आणलेला. काही मिनिटांतच गुणफलक दाखवतो : ६–६.

२/
त्या रात्री पुढे काय झाले, ते ओघाने येईलच. पण चॅपमनला आणण्यासाठी कब्जने जे दिले होते, त्यात एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, ग्लेबर टोरेस. अनुभवी क्लोजरच्या मोबदल्यात कोवळ्या वयाचा गुणी फलंदाज, हा बेसबॉलमधील एक जुना आणि वादग्रस्त सौदा आहे. आजचा थ्रेड त्या सौद्याच्या इतिहासावर. आणि त्यातून उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नावर, जो इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कधी ना कधी गाठतोच.

३/
क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या पिढीसाठी थोडी पार्श्वभूमी. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाचे नऊ डाव असतात आणि दर डावात तीन गडी बाद करायचे असतात. षटकांचे बंधन नाही, त्यामुळे एकच पिचर कितीही काळ चेंडू टाकू शकतो. मात्र एकदा मैदान सोडले की त्या सामन्यात परत येता येत नाही. म्हणून प्रत्येक संघ काही ताज्या दमाचे पिचर राखून ठेवतो. त्यांतील जो शेवटच्या डावात निसटती आघाडी टिकवायला उतरतो, तो क्लोजर. आपल्याकडे अखेरच्या दोन षटकांसाठी खास गोलंदाज राखून ठेवतात, तसेच काहीसे.

४/
पण हा क्लोजर पूर्वीपासून नव्हता. त्याचा जन्म मैदानाइतकाच कागदावरही झाला. १९५९ साली पिट्सबर्गचा राखीव पिचर एल्रॉय फेस याच्या नावावर १८ विजय आणि अवघा १ पराभव लागला. शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांना हा आकडा फसवा वाटला. फेसचे काही विजय असे होते, की आघाडी त्यानेच घालवली आणि नंतर त्याच्या फलंदाजांनी ती परत मिळवून दिली. नियमाने विजय जमा झाला तो फेसच्या खात्यात. आघाडी घालवणाऱ्याला श्रेय आणि इमानाने राखणाऱ्याला काहीच नाही, असा हा उफराटा न्याय होता.

५/
होल्ट्झमन यांनी मग आघाडी राखणाऱ्या पिचरसाठी ‘सेव्ह’ ही नवी नोंद सुचवली. १९६९ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली. सुरुवातीचे नामवंत राखीव पिचर दोन-दोन, तीन-तीन डाव टाकत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑकलंडचे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्ली याला बहुधा फक्त नवव्या डावासाठी वापरायला सुरुवात केली. १९९२ मध्ये एकर्स्लीने ५१ सेव्ह नोंदवले आणि सर्वोत्तम पिचर व सर्वांत मौल्यवान खेळाडू हे दोन्ही मान पटकावले. एका डावाचा तज्ज्ञ ही जात तेव्हापासून रूढ झाली.

६/
इथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबायला हवे. नोंद ही घडलेल्या गोष्टीची असते, असे आपण धरून चालतो. येथे मात्र आधी रकाना आखला गेला आणि मग त्या रकान्यात बसेल असा माणूस घडवला गेला. सेव्हचे आकडे वाढले, तसे क्लोजरचे वेतन वाढले आणि बाजारातील भावही वाढला. वास्तविक नवव्या डावात आघाडीवर असलेला संघ बहुतेक वेळा जिंकतोच, आणि क्लोजर नव्हते तेव्हाही हे प्रमाण फारसे वेगळे नव्हते. पण ज्या थोड्या वेळी आघाडी निसटते, तो पराभव जन्मभर सलतो. क्लोजरची किंमत बरीचशी त्या भीतीची किंमत असते.

७/
आता तराजूचे दुसरे पारडे : तरुण फलंदाज. त्याचे मोल केवळ गुणांमुळे नाही, कायद्यामुळेही आहे. अमेरिकन बेसबॉलमध्ये दीर्घकाळ ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचे कलम होते. करार संपला तरी खेळाडू मालकाच्याच ताब्यात राही. मालक त्याला ठेवी, विकी किंवा दुसऱ्या संघाशी त्याची अदलाबदल करी. १९६९ मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लड या नामांकित कृष्णवर्णीय खेळाडूला फिलाडेल्फियाकडे धाडायचे ठरवले. आपण इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री व्हावी अशी मालमत्ता नाही, असे त्याने आयुक्तांना पत्राने कळवले आणि न्यायालयात धाव घेतली.

८/
१९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. त्याची कारकीर्द जवळपास तिथेच संपली. परंतु डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी दुसऱ्या एका प्रकरणात खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला आणि रिझर्व्ह क्लॉजचा कणा मोडला. पुढच्या वाटाघाटींत तडजोड झाली ती अशी : मोठ्या लीगमध्ये सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू मोकळा. तोवर तो संघाच्या ताब्यात, आणि सुरुवातीची सुमारे तीन वर्षे तर किमान वेतनाच्या आसपास.

९/
म्हणजे अजून मोठ्या लीगमध्ये पाऊल न टाकलेला गुणी फलंदाज हाती असणे म्हणजे सहा वर्षांचे स्वस्त भविष्य हाती असणे. उलट करार संपत आलेला क्लोजर म्हणजे तीन महिन्यांचे महागडे वर्तमान. या सौद्यात अदलाबदल होते ती काळाची. ज्याला आजची भूक आवरत नाही, तो उद्याची शिदोरी देऊन टाकतो. ज्याचा आजचा दिवस हातचा गेलेला आहे, तो उद्याची सोय पाहतो. आता तीन जुनी उदाहरणे पाहू.

१०/
पहिले १९९० चे. ऑगस्टची अखेर. बॉस्टन रेड सॉक्स आपल्या विभागात अव्वल स्थानासाठी झुंजत होता आणि त्याला राखीव पिचर हवा होता. ह्यूस्टनकडे ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन होता. तो रूढ अर्थाने क्लोजर नव्हता, पण गरज तीच : आघाडी राखणारा हात. बॉस्टनने त्याच्यासाठी कनिष्ठ लीगमधला एक फलंदाज दिला, जेफ बॅगवेल. बॅगवेल तिसऱ्या बेसवर खेळे आणि बॉस्टनमध्ये ती जागा वेड बॉग्ससारख्या दिग्गजाने अडवलेली होती. तर्क बिनचूक वाटत होता.

११/
अँडरसनने बॉस्टनसाठी २२ डाव टाकले आणि उत्तम टाकले. संघ विभागात पहिला आला. मग ऑकलंडने त्याला सलग चार सामन्यांत हरवून घरी पाठवले आणि मोसम संपताच अँडरसन दुसऱ्या संघात गेला. बॅगवेल १९९१ चा सर्वोत्तम नवोदित ठरला, १९९४ चा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. पंधरा मोसम तो ह्यूस्टनसाठीच खेळला, ४४९ होमरन मारले आणि २०१७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. बेसबॉलमधल्या फसलेल्या सौद्यांच्या कोणत्याही यादीत हा सौदा हमखास सापडतो.

१२/
दुसरे उदाहरण डिसेंबर २००१ चे. ऑकलंडने टोरोंटोकडून बिली कॉक हा क्लोजर घेतला. मोबदल्यात गेलेल्यांत एरिक हिन्स्की हा तरुण फलंदाज होता. २००२ मध्ये कॉकने ४४ सेव्ह नोंदवले, ऑकलंडने सलग वीस सामने जिंकण्याचा पराक्रम केला आणि हिन्स्की तिकडे सर्वोत्तम नवोदित ठरला. मोसमाअंती दोघेही खूश, असे चित्र होते. पण बाद फेरीच्या निर्णायक सामन्यात नवव्या डावात कॉकने मिनेसोटाला तीन धावा बहाल केल्या. ऑकलंड ५–४ असा हरला. आणि हिन्स्कीला पहिल्या वर्षाची ती झळाळी पुढे टिकवता आली नाही.

१३/
तिसरे जुलै २००३ चे. फ्लोरिडा मार्लिन्सने टेक्सास रेंजर्सकडून उगेथ उर्बिना हा क्लोजर घेतला आणि दिला एड्रियन गोन्झालेझ. २००० सालच्या नवोदितांच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर उचललेला, २१ वर्षांचा फलंदाज. त्याच शरद ऋतूत मार्लिन्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. टेक्सासच्या हाती मात्र भविष्य होते. ते त्यांनी कसे वापरले? जानेवारी २००६ मध्ये त्यांनी गोन्झालेझला सॅन डिएगोकडे धाडले. मोबदल्यात आलेल्या दोन पिचरांपैकी अकिनोरी ओत्सुका त्या वर्षी टेक्सासचा क्लोजर बनला.

१४/
म्हणजे क्लोजर देऊन मिळवलेले भविष्य टेक्सासने पुन्हा क्लोजरवरच खर्च केले. गोन्झालेझ सॅन डिएगोमध्ये तारा झाला. २००९ मध्ये त्याने ४० होमरन मारले, आणि कारकिर्दीत ३१७. या उदाहरणातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भविष्य मिळवणे एक आणि ते पिकेपर्यंत धीर धरणे दुसरे. ‘फ्लोरिडाने गोन्झालेझ घालवला’ हे विधान खरे आहे, पण फ्लोरिडाकडे विजेतेपद आले आणि टेक्सासकडे यातले काहीच उरले नाही, हेही तितकेच खरे आहे.

१५/
आता पुन्हा २०१६ कडे. कब्जचे सूत्रधार होते थिओ एप्स्टीन. २००३ मध्ये बॉस्टनची सूत्रे हाती असताना नेमलेल्या क्लोजरशिवाय काम भागवण्याचा प्रयोग त्यांच्या संघाने करून पाहिला होता. तो फसला. त्यानंतर त्यांनी कीथ फोक हा क्लोजर आणला आणि २००४ मध्ये बॉस्टनचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपवणारा शेवटचा बळी फोकच्याच हातून मिळाला. २०११ च्या अखेरीस एप्स्टीन शिकागोत आले. २०१२ मध्ये कब्ज १०१ सामने हरला. तरुण खेळाडू जमवत त्यांनी संघ नव्याने उभा केला, आणि २०१६ मध्ये तो सर्व संघांत सरस ठरला.

१६/
न्यूयॉर्क यांकीजची गत उलट होती. जुलैच्या अखेरीस विजय-पराभवांचे पारडे जेमतेम समान आणि संघ वयस्क. पण त्यांच्याकडे चॅपमन होता, आणि त्याचा करार त्याच वर्षी संपत होता. तो यांकीजकडे आला कसा, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये फ्लोरिडातील घरी जोडीदार स्त्रीचा गळा दाबल्याचा आरोप त्याच्यावर झाला. त्याने तो नाकारला. गॅरेजमध्ये पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्याचेही समोर आले. फौजदारी खटला झाला नाही. मात्र घरगुती हिंसाचारविषयक नव्या धोरणाखाली लीगने त्याला ३० सामन्यांसाठी निलंबित केले. त्या धोरणाखाली निलंबित झालेला तो पहिला खेळाडू.

१७/
आरोप उघड होताच डॉजर्सशी जवळपास ठरलेला त्याचा सौदा बारगळला. चॅपमनचा भाव पडला आणि त्या पडत्या भावात, डिसेंबर २०१५ मध्ये, यांकीजने त्याला सिनसिनाटीकडून घेतले. सात महिन्यांनी, २५ जुलै २०१६ रोजी, तो चढ्या भावाने कब्जला दिला. बदल्यात आले चार जण. पिचर ॲडम वॉरेन, बिली मॅककिनी, रशाद क्रॉफर्ड आणि सौद्याचा खरा गाभा, ग्लेबर टोरेस. काराकासचा हा मुलगा सोळाव्या वर्षी कब्जशी करारबद्ध झाला होता. कब्जच्या मुख्य संघात शॉर्टस्टॉपच्या जागी एडिसन रसेल असल्याने तो देता आला. बॉग्स आणि बॅगवेलची आठवण व्हावी, असाच हा योग.

१८/
आठवड्याच्या आतच यांकीजने दुसरा मोहरा, अँड्र्यू मिलर, क्लीव्हलँडला दिला. त्याबदल्यात आलेल्यांत क्लिंट फ्रेझर हा २०१३ च्या निवडीत पाचव्या क्रमांकावर उचललेला फलंदाज होता. परिणाम विलक्षण झाला. यांकीज स्वतः बाद फेरीबाहेर राहिला आणि त्याच्याच ताफ्यातले दोन राखीव पिचर वर्ल्ड सिरीजमध्ये परस्परांसमोर उभे राहिले. इकडे टोरेस आणि फ्रेझर या दोन फलंदाजांभोवती न्यूयॉर्कची स्वप्ने रंगू लागली. फ्रेझरचे स्वप्न दुखापतींत विरले आणि २०२१ च्या अखेरीस यांकीजने त्याला मोकळे केले. तरुण गुण म्हणजे हुंडी असते, आणि प्रत्येक हुंडी वटतेच असे नाही.

१९/
वर्ल्ड सिरीजमध्ये कब्ज १–३ असा मागे पडला. पाचव्या सामन्यात, ३–२ अशी आघाडी असताना, चॅपमन सातव्या डावातच उतरला आणि त्याने एकट्याने आठ गडी बाद केले. क्लोजरसाठी हे असाधारण ओझे होते. सहाव्या सामन्यात मोठी आघाडी असूनही व्यवस्थापक जो मॅडन यांनी त्याला पुन्हा उतरवले. सातव्या सामन्यात म्हणूनच थकलेला हात दिसला. आधी ब्रँडन गायरच्या फटक्यावर एक धाव, मग राजाई डेव्हिसचा दोन धावांचा होमरन. ६–६.

२०/
नववा डाव चॅपमनने कसाबसा पण बिनधावांचा टाकला. मग पाऊस आला आणि खेळ १७ मिनिटे थांबला. दहाव्या डावात बेन झोब्रिस्टच्या फटक्याने कब्ज पुढे गेला आणि अखेर ८–७ असा जिंकला. शेवटचा गडी बाद झाला तो माइक माँटगोमेरीच्या चेंडूवर. जुलैमध्येच एका तरुण फलंदाजाच्या मोबदल्यात सिॲटलकडून आणलेला हा पिचर क्लोजर नव्हता. मोठ्या लीगमध्ये त्याच्या नावावर त्याआधी एकही सेव्ह नव्हता. आणि अधिकृत नोंदीत विजय कोणाच्या खात्यात? चॅपमनच्या. आघाडी त्यानेच घालवली आणि त्याच्या फलंदाजांनी ती परत मिळवून दिली. एल्रॉय फेसचे १९५९ असे ५७ वर्षांनी परत आले.

२१/
आता मूळ प्रश्न. हा सौदा कोणी जिंकला? खाते नोव्हेंबर २०१६ मध्ये बंद केले तर निःसंशय कब्जने. डिसेंबर २०१६ मध्ये मात्र चॅपमन पाच वर्षांच्या, ८ कोटी ६० लाख डॉलरच्या करारावर यांकीजकडेच परतला. टोरेसही तिथेच. २०१८ मध्ये टोरेसने २४ होमरन मारले, २०१९ मध्ये ३८. त्या उन्हाळ्यात निकाल विचारला असता, तर बहुतेकांनी यांकीजने लुटले असेच म्हटले असते.

२२/
ऑक्टोबर २०१९ मध्ये यांकीज वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यावर होता. ह्यूस्टनविरुद्धच्या सहाव्या सामन्यात नवव्या डावात चॅपमनच्याच चेंडूवर होसे अल्टुवेने विजयी होमरन मारला आणि दार बंद झाले. टोरेसला २०१९ ची उंची यांकीजमध्ये पुन्हा गाठता आली नाही. २०२४ मध्ये यांकीज वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला, हरला, आणि टोरेस मुक्त होऊन डेट्रॉइटला गेला. यांकीजच्या खात्यात टोरेसची सात वर्षे जमा आहेत, विजेतेपद एकही नाही. तारीख बदलली की विजेता बदलतो. पदव्युत्तर वर्गात कालखंड पाडायला शिकताना माझ्या उशिरा ध्यानात आले, की कालखंड कुठे संपवायचा हे ठरवणे म्हणजे निम्मा निकाल आधीच देणे.

२३/
आणि तारखेइतकेच महत्त्व रकान्यांना आहे. पाचव्या सामन्यातले ते आठ बळी नसते तर सातवा सामना झाला असता का, याला रकाना नाही. आपण कुठे खेळणार, हे टोरेसला कोणी विचारले नाही. बहुतेक खेळाडूंना आजही आपल्या ट्रेडला नकार देता येत नाही, आणि फ्लडच्या पत्रातील तक्रार तेवढ्यापुरती जिवंत आहे. सर्वांत अवघड कोरा रकाना त्या स्त्रीचा. एका घरातील त्या रात्रीमुळे एका पिचरचा भाव उतरला, दुसऱ्या संघाने तो उतरता भाव साधला, तिसऱ्याने चढा भाव मोजला. तिची गोष्ट या हिशेबात आली ती केवळ सवलत म्हणून. कब्जच्या अनेक चाहत्यांना तेव्हाही हे बोचले होते. विजयाने ती बोच पुसली जात नाही, आणि बोचेने विजय खोटा ठरत नाही. दोन्ही एकाच पानावर लिहून ठेवावे लागते.

२४/
विजयानंतरच्या दिवसांत शिकागोतील रिग्ली फील्डच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोक खडूने नावे लिहू लागले. वडिलांचे, आजीचे, आजोबांचे नाव. आयुष्यभर वाट पाहून, हा दिवस न पाहताच गेलेल्यांची नावे. बघता बघता भिंती भरून गेल्या. त्या लोकांना विचारा, टोरेसची सात वर्षे देऊन तीन महिन्यांचा चॅपमन महाग पडला का? ‘नाही’ म्हणतील. आणि त्यांचे उत्तर चूक ठरवण्याचा अधिकार कोणत्याही आकडेवारीला नाही. फक्त ते उत्तर कोणी, कुठे उभे राहून, कोणत्या तारखेला दिले, एवढे आपण टिपून ठेवायचे. इतिहास लिहिणाऱ्याचे काम बहुधा एवढेच असते.

थ्रेड समाप्त. तुम्ही हे खाते कोणत्या तारखेला बंद कराल, ते अवश्य लिहा. मात्र तीच तारीख का, हेही सांगा.